ओबामांनी देऊ केलेलं पद नाकारून हा न्यूरोसर्जन टीव्हीवरच राहिला, त्याच्या करिअरवर आज पुन्हा बोलायची वेळ का आली?

मे 2025 मध्ये अमेरिकेत एक बातमी आली आणि दोन दिवसांत विरूनही गेली. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 'सर्जन जनरल' या पदासाठी पुढे केलेलं डॉ. जॅनेट नेशिवाट यांचं नाव मागे घेतलं. त्यांच्या जागी पुस्तकं आणि सोशल मीडियातून प्रसिद्ध झालेल्या केसी मीन्स यांचं नाव आलं.

आता या नेशिवाट कोण? तर फॉक्स न्यूजवर आरोग्याच्या विषयावर बोलणाऱ्या डॉक्टर. त्याच्या महिनाभर आधी डॉ. मेहमेट ऑझ यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेची सूत्रं हातात घेतली होती. हे ऑझ कोण? तर 2009 पासून 2022 पर्यंत चाललेल्या 'द डॉक्टर ऑझ शो'चे होस्ट.

थोडक्यात काय, तर स्टुडिओतून थेट सरकारात जायचा रस्ता अमेरिकेतल्या डॉक्टरांना सापडलाय.

पण हा रस्ता ट्रम्प यांनी शोधलेला नाही. जानेवारी 2009 मध्ये, बराक ओबामा यांनी शपथ घेण्याच्या आधीच, त्यांच्या टीमने टीव्हीवरच्या एका डॉक्टरला सर्जन जनरल व्हायचं विचारलं होतं. त्या डॉक्टरने दोन महिने विचार करून नाही म्हणून सांगितलं आणि तो आजही टीव्हीवर आहे.

त्यांचं नाव डॉ. संजय गुप्ता. सीएनएनचे चीफ मेडिकल करस्पॉन्डंट.

गुप्ता हे नाव ऐकून आपल्याकडे 'भारतीय वंशाचा माणूस अमेरिकेत चमकला' अशा बातम्या होतात. ते खरं आहेच. पण त्यांच्या करिअरमधला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. एकच माणूस पेशंटवर उपचारही करतो आणि त्याच पेशंटची बातमीही देतो, तेव्हा तो नेमका कोणाचा असतो? पेशंटचा, प्रेक्षकांचा की चॅनेलचा? हा प्रश्न गुप्तांसमोर वीस-बावीस वर्षांत वारंवार आला. आणि दर वेळी त्याचं उत्तर सारखं आलेलं नाही.

आई फोर्डमध्ये इंजिनियर, मुलगा मेंदूचा सर्जन

गुप्तांचा जन्म 1969 चा, मिशिगन राज्यातला. त्यांची आई दमयंती मूळच्या सिंधमधल्या. फाळणीत त्यांचं कुटुंब घरदार सोडून भारतात आलं. उल्हासनगर आणि पिंपरी पाहिलेल्या मराठी माणसाला सिंधी निर्वासितांनी शून्यातून काय उभं केलं हे वेगळं सांगायला नको. या दमयंतीबाई पुढे इंजिनियर झाल्या, अमेरिकेला गेल्या आणि 1967 मध्ये फोर्ड मोटर कंपनीत लागल्या. फोर्डच्या त्या पहिल्या महिला इंजिनियर मानल्या जातात. वडील सुभाष हेसुद्धा फोर्डमध्येच इंजिनियर.

अमेरिकेत साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल असा क्रम असतो. मिशिगन विद्यापीठात मात्र शाळा संपली की थेट डॉक्टरकीला घेणारा एक कोर्स होता, आपल्याकडे बारावीनंतर एमबीबीएसला जातात तसा. गुप्ता त्यातून गेले आणि 1993 मध्ये डॉक्टर झाले. पुढे न्यूरोसर्जरी केली.

मधल्या काळात एक वळण आलं. 1997-98 मध्ये त्यांना व्हाइट हाऊस फेलोशिप मिळाली आणि ते तेव्हाच्या फर्स्ट लेडी हिलरी क्लिंटन यांच्यासाठी काम करायला लागले. भाषणं लिहायची, आरोग्याचे अवघड विषय सोप्या शब्दांत मांडायचे. पुढच्या टीव्हीच्या नोकरीची तयारी तिथेच झाली म्हणायला हरकत नाही.

2001 च्या उन्हाळ्यात ते सीएनएनमध्ये आले. आरोग्य धोरणावर अधूनमधून बोलतील अशी अपेक्षा होती. पण काही आठवड्यांतच 11 सप्टेंबरचा हल्ला झाला, पाठोपाठ टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं यायला लागली. अख्ख्या देशाला एकाच वेळी डॉक्टरला प्रश्न विचारायचे होते आणि सीएनएनकडे डॉक्टर होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही, ती म्हणजे ऑपरेशन थिएटर. अटलांटात एमोरी विद्यापीठात ते शिकवतात आणि ग्रेडी मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रिया करतात. ग्रेडी म्हणजे तिथलं सरकारी मदतीवर चालणारं मोठं हॉस्पिटल. अपघात, गोळीबार, गरीब पेशंट, सगळं तिथे येतं. आपल्या ससूनची किंवा केईएमची आठवण यावी असं. त्यामुळे 'हा टीव्हीवाला डॉक्टर आहे' हा टोमणा त्यांना फारसा चिकटला नाही.

वाळवंटातलं ऑपरेशन

2003. इराक युद्ध सुरू झालं तेव्हा गुप्ता अमेरिकी नौदलाच्या एका फिरत्या वैद्यकीय पथकासोबत बातमीदार म्हणून गेले होते. या पथकाला 'डेव्हिल डॉक्स' म्हणायचे. तंबूतच ऑपरेशन थिएटर, बाहेर युद्ध. पथकात सर्जन होते, पण मेंदूचा सर्जन नव्हता.

एप्रिलमध्ये डोक्याला गंभीर इजा झालेला दोन वर्षांचा एक इराकी मुलगा तिथे आणला गेला. पथकातल्या डॉक्टरांनी गुप्तांकडे पाहिलं. त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि ऑपरेशन केलं. मुलगा वाचला नाही. त्यानंतर डोक्यात गोळी लागलेला एक अमेरिकी मरीन आला. तो वाचला.

इथे चूक काय, असं कोणीही म्हणेल. समोर माणूस मरतोय, तुम्हाला वाचवता येतं, तर वाचवायचं. गुप्तांनीही कायम हेच सांगितलंय की आपण आधी डॉक्टर आहोत. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद सुरू होतो तो ऑपरेशननंतर. पत्रकारितेच्या नीतिनियमांचा अभ्यास करणाऱ्यांचा आक्षेप असा होता की, पथकाचं काम ज्याने त्रयस्थपणे पाहायचं तोच पथकाचा भाग झाला. उद्या त्याच पथकाकडून काही चुकलं तर हा बातमी देईल का?

सात वर्षांनी हैतीमध्ये हा प्रश्न मोठा होऊन आला. 12 जानेवारी 2010 ला पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये भूकंप झाला. तिथल्या एका फील्ड हॉस्पिटलमधलं बेल्जियन पथक सुरक्षेच्या कारणावरून रात्री निघून गेलं. पेशंट तिथेच. गुप्ता आणि त्यांची कॅमेरा टीम रात्रभर थांबली, सलाइनपासून सगळं त्यांनी बघितलं. काही दिवसांनी 'कार्ल विन्सन' या अमेरिकी युद्धनौकेवरून बोलावणं आलं. 12 वर्षांच्या एका मुलीच्या डोक्यात काँक्रीटचा तुकडा घुसला होता. गुप्तांनी इतर सर्जनसोबत तो काढला.

अमेरिकेतल्या घराघरांत हे दिसलं आणि लोक भारावून गेले. त्याच आठवड्यात 'सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स' या पत्रकारांच्या संघटनेने एक निवेदन काढलं. त्याचा आशय असा की, मदत जरूर करा, पण स्वतःच बातमी होऊ नका.

या वादात पत्रकारांची बाजू बऱ्याचदा कोरडी वाटते. पण त्यातला एक मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही, आणि तो पेशंटचा आहे. हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला 'माझं शूटिंग करू नका' म्हणायचा हक्क असतो. पण ज्याच्या हातात आपल्या लेकराचा जीव आहे, त्याच्याच कॅमेऱ्याला कुठली आई नको म्हणेल?

काठमांडूत चुकीची मुलगी

2015 च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला. गुप्ता काठमांडूच्या बीर हॉस्पिटलमध्ये पोहोचले. मेंदूला मार लागलेल्या एका लहान मुलीच्या ऑपरेशनमध्ये त्यांनी मदत केली आणि सीएनएनने ते दाखवलं. मुलगी आठ वर्षांची, तिचं नाव अमुक, घरचे लोक अमुक, अशी सगळी माहिती बातमीत होती.

काही आठवड्यांनी 'ग्लोबल प्रेस जर्नल' या वृत्तसंस्थेने तपास केला, तेव्हा वेगळंच निघालं. ज्या मुलीवर ऑपरेशन झालं ती दुसरीच होती, 14 वर्षांची. सीएनएनने आपल्या बाजूने चौकशी केली आणि मग दुरुस्ती दिली.

मुलीवर उपचार झाले हे खरं होतं. चुकली ती बातमी. आणि बातमीत पहिला नियम काय असतो? नाव बरोबर आहे का ते बघा. भूकंपानंतरच्या गोंधळात अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते हे मान्य. पण डॉक्टर वेगळा आणि बातमीदार वेगळा असता, तर बातमीदाराने डॉक्टरला दोनदा विचारलं असतं, 'हीच ती मुलगी ना?' इथे विचारणारा आणि सांगणारा एकच होता.

याआधी 2007 मध्येही असं एक प्रकरण झालं होतं, पण ते युद्धभूमीवरचं नव्हतं. मायकल मूर यांची अमेरिकेच्या आरोग्य व्यवस्थेवर टीका करणारी 'सिको' ही डॉक्युमेंटरी आली होती. गुप्तांनी सीएनएनवर तिची तथ्य तपासणी केली आणि मूर यांनी आकड्यांची सोयीस्कर मोडतोड केल्याचं म्हटलं. त्यात त्यांनी सांगितलं की, मूर यांच्या मते क्युबा दरडोई आरोग्यावर 25 डॉलर खर्च करतो. मूर यांच्या सिनेमात आकडा होता 251 डॉलर. मूर यांनी सीएनएनवर लाइव्ह येऊन निवेदकाला झापलं. मग लॅरी किंग यांच्या शोमध्ये दोघं समोरासमोर आले आणि सीएनएनने ती चूक कबूल केली.

सर्जन जनरल कशाला हवा होता?

आता 2009 कडे येऊ. सर्जन जनरल हे नाव ऐकून वाटतं की हा माणूस ऑपरेशन करत असेल. तसं काही नाही. सरकारच्या वतीने देशाला आरोग्याचं खरं काय ते सांगणारा हा माणूस. हातात पैसा थोडा, अधिकार त्याहून थोडे. पण शब्दाला वजन. 1964 मध्ये ल्यूथर टेरी या सर्जन जनरलने सिगारेटमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो असा अहवाल काढला, त्यानंतर पाकिटांवर इशारे छापून यायला लागले. 1988 मध्ये एव्हरेट कूप यांनी एड्सची माहितीपत्रकं पोस्टाने घरोघरी पाठवली.

म्हणजे हे काम मुळातच बोलण्याचं. मग टीव्हीवर रोज बोलणारा सर्जनच घ्यावा, हा ओबामांच्या टीमचा हिशोब चुकीचा नव्हता.

विरोध झाला. डेमोक्रॅटिक पक्षाचेच ज्येष्ठ खासदार जॉन कॉनयर्स यांनी गुप्तांना या पदाचा पुरेसा अनुभव नाही असं म्हणत सहकाऱ्यांना पत्र पाठवलं. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी 'सिको' प्रकरणाची आठवण काढली. मार्चमध्ये गुप्तांनी माघार घेतली. तिसऱ्या अपत्याचा जन्म जवळ आला होता आणि सरकारी पद घेतलं तर शस्त्रक्रिया सोडाव्या लागल्या असत्या, अशी कारणं त्यांनी सांगितली.

आणि इथूनच ऑझ आणि गुप्ता यांचे रस्ते वेगळे दिसतात. दोघंही नामांकित संस्थांमधले खरेखुरे सर्जन. ऑझ हृदयाचे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले. पण ऑझ न्यूज चॅनेलवर नव्हते, त्यांचा होता शो. शोला रोज नवा चमत्कार लागतो. 2014 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ऑझ यांच्या कार्यक्रमातल्या सल्ल्यांची तपासणी छापून आली. 46 टक्के सल्ल्यांना कुठला ना कुठला पुरावा होता, 15 टक्के सल्ले पुराव्याच्या उलट होते आणि उरलेल्या 39 टक्क्यांना पुरावाच सापडला नाही. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने त्यांना वजन कमी करणाऱ्या गोळ्यांच्या कौतुकाबद्दल धारेवर धरलं. 2022 मध्ये ते पेनसिल्व्हेनियातून सिनेटची निवडणूक हरले. आणि 2025 मध्ये 15 कोटींहून जास्त लोकांचा आरोग्य विमा सांभाळणाऱ्या यंत्रणेचे प्रमुख झाले.

गुप्तांच्या चुकांची दुरुस्ती छापून आली. ऑझ यांच्या 39 टक्क्यांची दुरुस्ती कोण आणि कुठे छापणार? न्यूजरूमचे नियम कंटाळवाणे असतात, पण ते असल्याचा फायदा असा दिसतो.

गांजावरून घेतलेली माघार

गुप्तांच्या करिअरमधलं सगळ्यात दमदार काम कोणतं, यावर मतं वेगळी असतील. पण ऑगस्ट 2013 चं नाव त्यात घ्यावंच लागेल. त्याआधी त्यांनी 'टाइम' मासिकात गांजाच्या विरोधात लेख लिहिला होता. 2013 मध्ये 'वीड' ही डॉक्युमेंटरी आली आणि तिच्याबरोबर त्यांनी जाहीर माफी मागितली. सरकारने गांजाला सगळ्यात धोकादायक अमली पदार्थांच्या यादीत ठेवलंय म्हणजे त्यामागे पक्का शास्त्रीय आधार असणार, असं आपण गृहीत धरलं, पण तो आधार बघितलाच नाही, असं त्यांनी लिहिलं. अमेरिकेत गांजावर चाललेल्या अभ्यासांपैकी फक्त 6 टक्क्यांच्या आसपास अभ्यास त्याचे फायदे तपासत होते, हेही त्यांनी दाखवलं. बाकी सगळे तोटे शोधणारे. मग निष्कर्ष दुसरा काय येणार?

डॉक्युमेंटरीत कोलोरॅडोतली एक लहान मुलगी होती. ड्रावे सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ आजारामुळे तिला आठवड्याला सुमारे 300 फिट्स येत होत्या. गांजातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाच्या तेलाने त्या महिन्याला दोन-तीनवर आल्या. एका मुलीवरून शास्त्र ठरत नाही, हे गुप्तांना नक्कीच माहीत होतं. टीव्हीचा मोह मात्र नेमका तिथेच असतो. पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि जून 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सीबीडीपासून बनवलेल्या एपिडिओलेक्स या औषधाला ड्रावे सिंड्रोमसाठी मंजुरी दिली. या वेळी टीव्ही पुढे आणि पुरावा मागून आला, पण आला.

व्हाइट हाऊस एकीकडे, स्वतःचं चॅनेल दुसरीकडे

16 जानेवारी 2018. व्हाइट हाऊसचे डॉक्टर रॉनी जॅक्सन ट्रम्प यांच्या तब्येतीची माहिती द्यायला आले. तब्येत उत्तम, असा त्यांचा सूर. पत्रकारांमध्ये गुप्ता बसले होते. त्यांनी थेट हृदयाच्या कॅल्शियम स्कोअरवर बोट ठेवलं. हा स्कोअर 2009 मध्ये 34, 2013 मध्ये 98 आणि आता 133 होता. रक्तवाहिन्यांमध्ये साठलेला कॅल्शियमचा थर वाढत चाललाय, असा त्याचा अर्थ. नंतर गुप्तांनी सीएनएनवर सांगितलं की, नेहमीच्या निकषांनुसार अध्यक्षांना हृदयविकार आहे. स्वतः न तपासलेल्या माणसाबद्दल डॉक्टरने असं बोलावं का, हा वेगळा मुद्दा. पण राजकारण कव्हर करणाऱ्या साध्या पत्रकाराला तो प्रश्न सुचलाच नसता.

कोविडमध्येही हेच. 9 मार्च 2020 ला, जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर करण्याच्या दोन दिवस आधी, सीएनएनने 'महामारी' हा शब्द वापरायला सुरुवात केली आणि त्यामागची कारणं गुप्तांनी समजावून सांगितली. सरकारी आणि जागतिक संस्थांच्या पुढे एक पाऊल टाकायची हिंमत होती.

मग आला ऑक्टोबर 2021. गुप्ता जो रोगन यांच्या पॉडकास्टवर गेले. लसीबद्दल शंका घेणारा, कोट्यवधी श्रोते असलेला हा माणूस. इतर डॉक्टर टाळत होते तिथे जाऊन तीन तासांहून जास्त बोलणं, हे खरं तर कौतुकाचं. रोगन यांना महिनाभर आधी कोविड झाला होता आणि त्यांनी डॉक्टरच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन घेतलं होतं. कोविडवर या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला नव्हता. पण औषध माणसांचंही आहे, आफ्रिकेत रिव्हर ब्लाइंडनेसवर ते वापरतात, त्याच्या शोधाला 2015 चं नोबेल मिळालंय. सीएनएनवर मात्र त्याला घोड्यांचं जंताचं औषध म्हटलं गेलं.

रोगन यांनी विचारलं, तुमचं चॅनेल असं का बोललं? गुप्तांनी थोडी टाळाटाळ केली आणि मग मान्य केलं की असं म्हणायला नको होतं.

काही दिवसांत ते सीएनएनवर डॉन लेमन यांच्या शोमध्ये बसले. लेमन यांनी चॅनेलची बाजू घेतली, ते घोड्यांना देतात हे खोटं नाही, असा युक्तिवाद केला. अध्यक्षांच्या डॉक्टरला भर पत्रकार परिषदेत अडवणारे गुप्ता इथे गुळमुळीत बोलले. कोविडवर हे औषध चालतं याचा पुरावा नाही, एवढंच त्यांनी पुन्हा सांगितलं. रोगनसमोर दिलेली कबुली त्यांनी लेमनसमोर ठामपणे उच्चारली नाही.